मानसशास्त्राचा जन्म १८७९ सालीच झाला, असं का म्हणतात?

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिचं म्हणणं असं, की प्रत्येक पुस्तकात ‘१८७९, लाइपझिग, वुंट’ एवढं एका ओळीत उरकलेलं असतं. त्याआधी माणसं मनाचा विचार करत नव्हती का? त्या वर्षी नेमकं घडलं काय? आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये प्रयुक्ताचं (ज्याच्यावर प्रयोग होतो त्याचं) अंतर्निरीक्षण, म्हणजे प्रयोगाच्या वेळी मनात काय चाललं होतं ते, लिहायला लावतात, ते आज कशासाठी?

मी बरीच वर्षं प्रायोगिक मानसशास्त्र शिकवते आहे आणि हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आपलं शास्त्र कुठून आलं हे ज्याला नीट कळतं, त्याला त्याच्या मर्यादाही नीट कळतात. म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

आधी सरळ उत्तर. १८७९ साली मनाबद्दल कोणताही मोठा शोध लागला नाही. उद्घाटनाचा समारंभ झाला नाही, की जाहीरनामा निघाला नाही. विल्हेल्म वुंट १८७५ मध्ये तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक म्हणून लाइपझिगला आला होता. त्याची उपकरणं ठेवायला विद्यापीठाने त्याला एक खोली दिली होती. १८७९ च्या हिवाळी सत्रात त्या खोलीत विद्यार्थ्यांनी स्वतःचं संशोधन सुरू केलं. त्यातला माक्स फ्रीडरिश हा विद्यार्थी एक प्रश्न घेऊन बसला होता: डोळ्यांसमोर आलेली साधी गोष्ट, म्हणजे एखादा रंग किंवा एक आकडी संख्या, पूर्णपणे लक्षात यायला किती वेळ लागतो आणि तीच संख्या सहा आकडी असली तर किती? या कामावर त्याला डॉक्टरेट मिळाली. मनात घडणाऱ्या गोष्टीचा वेळ मोजायचा आणि त्यावर विद्यापीठाची पदवी घ्यायची, हे तिथे पहिल्यांदा शक्य झालं. विद्यापीठाची अधिकृत मान्यता आणि अनुदान तर त्या प्रयोगशाळेला १८८३ मध्ये मिळालं.

तेव्हा १८७९ ही तारीख सोयीची आहे, खोटी नाही. पण मोजण्याच्या ज्या रीती त्या खोलीत वापरल्या गेल्या, त्यातली एकही वुंटने एकट्याने निर्माण केलेली नव्हती. त्या खगोलशास्त्रज्ञांनी, भौतिकशास्त्रज्ञांनी आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी आपापल्या अडचणींतून घडवल्या होत्या. माझ्या मते मानसशास्त्राच्या उगमाची खरी गोष्ट तिथे आहे आणि नेमकी तीच पुस्तकात दोन ओळींत संपते.

सुरुवात एका नकारापासून करायला हवी. १७८६ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने लिहून ठेवलं होतं की मनाचा अभ्यास खऱ्या अर्थाने विज्ञान होऊ शकणार नाही. त्याची कारणं आजही वाचण्यासारखी आहेत. मनातल्या घडामोडींना गणित लावता येत नाही, विचार वेगवेगळे काढून हवे तसे पुन्हा जोडता येत नाहीत आणि स्वतःच्या मनाकडे बघायला गेलं की जे बघायचं तेच बदलतं. हे आक्षेप पोकळ नव्हते. पुढच्या शंभर वर्षांत जे जे घडलं, ते एका अर्थाने या आक्षेपांना दिलेलं उत्तरच होतं. हर्बार्ट या तत्त्वज्ञाने १८२४-२५ मध्ये मनाची गणिती समीकरणं मांडून पाहिली, पण मनावर प्रयोग करता येतो हे त्याला मान्य नव्हतं. समीकरणं झाली, त्यात घालायला मोजलेले आकडे नव्हते.

आकडे आले ते भलत्याच वाटेने, ग्रीनिचच्या वेधशाळेतून. तिथे ताऱ्याने मध्यरेषा (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडण्याची वेळ ज्या रीतीने नोंदवत, तिला डोळा-कान पद्धत म्हणत. दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात बारीक उभ्या तारा लावलेल्या असत. निरीक्षक घड्याळात सेकंद बघून घेई, मग डोळा दुर्बिणीला लावून टोल्यांचा आवाज कानाने मोजत राही. तारा तारेच्या अलीकडे असताना एक ठोका पडे, पलीकडे गेल्यावर दुसरा. या दोन ठोक्यांच्या वेळी तो कुठे कुठे होता ते लक्षात ठेवायचं आणि त्यावरून त्याने तार नेमकी कधी ओलांडली ते सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत सांगायचं. डोळ्याचं एक काम, कानाचं दुसरं, आणि दोन्हींची सांगड मनात.

वेधशाळेचे प्रमुख, राजखगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलिन यांच्या लक्षात आलं की आपला सहायक डेव्हिड किनेब्रुक याच्या नोंदी आपल्यापेक्षा उशिराच्या येतात. १७९५ च्या ऑगस्टमध्ये फरक अर्ध्या सेकंदाचा होता. त्याला तशी समज दिली, त्याने बिचाऱ्याने प्रयत्नही केला असणार, पण १७९६ च्या जानेवारीत फरक ०.८ सेकंदावर गेला. त्याला कामावरून काढलं गेलं. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग एका सेकंदात सुमारे ४६५ मीटर सरकतो, त्यामुळे जहाजांचे रेखांश ज्या आकड्यांवर ठरायचे त्यात इतकी चूक चालण्यासारखी नव्हती. मॅस्केलिन यांचा राग समजू शकतो. पण किनेब्रुक निष्काळजी नव्हता. त्याच्या मनाला ती सांगड घालायला वेगळा वेळ लागत होता, एवढंच.

हे ओळखलं क्योनिग्झबर्गच्या बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने. ग्रीनिचच्या नोंदींचा तपशील त्याच्या वाचनात आला आणि त्याने स्वतःची तुलना इतर नामवंत निरीक्षकांशी करायला सुरुवात केली. दोन अत्यंत कुशल माणसांच्या नोंदींतही एका सेकंदाहून जास्त फरक निघाला. म्हणजे ही नवख्याची चूक नव्हती, प्रत्येक माणसाची अशी काही ठरावीक तफावत असते. खगोलशास्त्रज्ञांनी तिला ‘वैयक्तिक समीकरण’ असं नाव दिलं आणि ती वजा करून टाकायची सोय केली. त्यांच्यासाठी प्रश्न मिटला.

१८६१ मध्ये तरुण वुंटने तोच प्रश्न उलटा धरला. खगोलशास्त्रज्ञांना जी चूक वजा करायची होती, तीच त्याला अभ्यासायची होती. त्याने एका लंबकाच्या घड्याळाची अशी जुळणी केली की लंबक एका विशिष्ट जागी पोचला की घंटा वाजेल. मग तो स्वतःच पाहू लागला: घंटा ऐकू येते त्या क्षणी लंबक कुठे दिसतो? घंटा जिथे खरोखर वाजते, तिथे लंबक त्याला कधीच दिसेना. एक जाणीव पुढे, दुसरी मागे. डोळ्याच्या जाणिवेवरून कानाच्या जाणिवेवर लक्ष जायला साधारण एक अष्टमांश सेकंद लागतो, असा निष्कर्ष त्याने काढला. आकडा आज तसाच्या तसा कुणी धरणार नाही. पण प्रश्न बघा. ‘अवधान’ नावाच्या अमूर्त गोष्टीला सेकंदात मोजायचं धाडस त्यात आहे. किनेब्रुकची नोकरी घालवणारी तफावत इथे संशोधनाचा विषय झाली.

दुसरी वाट स्पर्शाची आणि वजनाची. एर्न्स्ट वेबर लाइपझिगलाच शरीररचनाशास्त्र शिकवायचा. कंपासची दोन टोकं कातडीवर टेकवून ती दोन म्हणून कधी जाणवतात हे तो तपासत असे. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटरचं अंतरही कळतं, पाठीवर मात्र काही सेंटीमीटर अंतर असलं तरी एकच टोक टेकल्यासारखं वाटतं. वजनांच्या बाबतीत त्याला याहून महत्त्वाची गोष्ट सापडली. हातात उचललेल्या वजनातला फरक कळायला ठरावीक ग्रॅम लागत नाहीत, ठरावीक प्रमाण लागतं, साधारण चाळिसावा हिस्सा. ४० वरून ४१ झालं तर कळतं, पण ८० चं ८१ झालेलं कळत नाही, ८२ व्हावं लागतं. हे त्याने १८३४ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याला यातून नवं शास्त्र वगैरे काढायचं नव्हतं.

ते काढलं गुस्ताव फेक्नरने, आणि या माणसाबद्दल मला फार ममत्व आहे. तो भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. दृष्टीवरचे प्रयोग करताना रंगीत काचांतून सूर्याकडे बघून त्याने डोळे दुखावून घेतले, त्यात अति कामाने खचला आणि काही वर्षं अंधाऱ्या खोलीत, माणसांपासून दूर काढली. त्यातून तो उठला तो एका ध्यासाने: मन आणि शरीर ही एकाच वस्तूची दोन अंगं आहेत हे दाखवायचं. २२ ऑक्टोबर १८५० रोजी सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्याला सुचलं की या दोन्हींतलं नातं आकड्यांत मांडता येईल. उद्दीपक (वजन, उजेड अशी बाहेरून येणारी गोष्ट) पटीने वाढत जातो तेव्हा वेदन, म्हणजे त्याची मनाला होणारी जाणीव, टप्प्याटप्प्याने, बेरजेने वाढतं. वेबरच्या प्रमाणात हेच दडलेलं होतं.

१८६० मध्ये त्याचा मनोभौतिकीवरचा, म्हणजे उद्दीपक आणि वेदन यांच्या नात्यावरचा, दोन खंडांचा ग्रंथ आला. त्याचं सूत्र पुढे वादात सापडलं, पण त्याच्या तीन मापनपद्धती टिकल्या. प्रॅक्टिकलला तुम्ही ज्या करता त्या मर्यादा पद्धत, स्थिर उद्दीपक पद्धत आणि सरासरी प्रमाद पद्धत, या फेक्नरच्याच. त्याने स्वतः वजनं उचलून हजारो तुलना नोंदवल्या. कांटच्या पहिल्या आक्षेपाला याहून थेट उत्तर कुणी दिलं नाही. आणि हे करणारा माणूस विज्ञानासाठी विज्ञान करत नव्हता. त्याला आत्म्याबद्दलची एक तात्त्विक श्रद्धा सिद्ध करायची होती. ती सिद्ध झाली नाही, पद्धत मात्र मागे राहिली.

तिसरा धागा मज्जातंतूंचा. योहानेस म्युलरसारख्या थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञालाही वाटत होतं की मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणं माणसाला बहुधा जमणार नाही. त्याचाच शिष्य हेल्महोल्ट्झ याने १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूवर ते करून दाखवलं. स्नायूच्या जवळ धक्का द्यायचा, मग लांब द्यायचा आणि स्नायू आखडायला लागलेल्या वेळातला फरक घ्यायचा. वेग निघाला सेकंदाला सुमारे २७ मीटर. विजेच्या वेगाच्या मानाने हे अगदीच संथ. याचा अर्थ लोकांना हादरवणारा होता: इच्छा झाली आणि हात हलला, यात खरोखर वेळ जातो.

उट्रेख्टच्या डॉन्डर्स या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने यापुढचं पाऊल टाकलं. त्याने माणसांच्या पायांना विजेचा हलका धक्का दिला. कोणत्या पायाला धक्का बसणार हे आधी माहीत असेल तर हात हलवायला जितका वेळ लागे, त्यापेक्षा माहीत नसेल तर साधारण एक पंधरांश सेकंद जास्त लागे. शरीराचं काम दोन्ही वेळी सारखंच. मग हा जास्तीचा वेळ कशाचा? डावं की उजवं हे ठरवण्याचा. १८६८ मध्ये त्याने ही वजाबाकीची पद्धत व्यवस्थित मांडली.

हे घरी करून बघता येतं आणि मी प्रत्येक बॅचला करायला लावते. एकाने तीस सेंटीमीटरची फूटपट्टी वरून उभी धरायची, शून्य खाली. दुसऱ्याने शून्यापाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं, पट्टीला न लावता. पहिल्याने न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्याने पकडायची. पट्टी २० सेंटीमीटरवर पकडली तर लागलेला वेळ ०.२ सेकंद, ३० वर पकडली तर जवळपास ०.२५. आता दोन हातांसमोर दोन पट्ट्या धरा, सोडायची त्यातली एकच, आणि जी पडेल तीच पकडायची, दुसरा हात मिटायचा नाही, अशी अट घाला. अंतर वाढतं. पुरेशा वेळा करून दोन्हीच्या सरासऱ्या काढा, अंतरांवरून वेळ काढा आणि वजा करा. डॉन्डर्सने पायांवर केलेला हिशेब तुमच्या स्वयंपाकघरात झाला.

या वजाबाकीत एक गृहीत आहे, तेही सांगून ठेवते. निवड करण्याची पायरी मध्ये घातली तरी बाकीच्या पायऱ्या होत्या तशाच राहतात, असं त्यात धरलेलं आहे. तसं नसेल तर? हा आक्षेप एकोणिसाव्या शतकातच घेतला गेला. आजही मेंदूच्या प्रतिमा घेताना एका कामाच्या वेळची प्रतिमा दुसऱ्यातून वजा करतात, आणि तिथेही हाच आक्षेप उभा राहतो.

म्हणजे १८७० च्या सुमारास सगळं साहित्य जमलेलं होतं. वुंट डॉक्टरकी शिकलेला, हायडेलबर्गला काही वर्षं हेल्महोल्ट्झचा सहायक. १८७३-७४ मध्ये त्याने शरीरक्रियात्मक मानसशास्त्रावरचा ग्रंथ काढला आणि प्रस्तावनेतच सांगितलं की विज्ञानाचं एक नवं क्षेत्र आखून देण्याचा हा प्रयत्न आहे. अमेरिकेत विल्यम जेम्सनेही १८७५ पासून हार्वर्डला शिकवण्यासाठी थोडी उपकरणं ठेवली होती आणि काही जण पहिल्या प्रयोगशाळेचा मान त्याला देतात. पण जेम्सकडे प्रात्यक्षिकं होत, संशोधनाची परंपरा उभी राहत नव्हती. वुंटकडे ती राहिली. १८८१ मध्ये त्याने स्वतःचं नियतकालिक सुरू केलं, त्यात विद्यार्थ्यांचे प्रयोग छापून येऊ लागले आणि युरोप-अमेरिकेतून मुलं लाइपझिगला यायला लागली.

त्या प्रयोगशाळेतलं मुख्य यंत्र म्हणजे हिपचं कालमापक. वजनाने चालणारं एक घड्याळ, त्यावर दोन तबकड्या. एका तबकडीचा काटा सेकंदात दहा फेऱ्या मारे आणि तबकडीवर शंभर खुणा, म्हणजे प्रत्येक खूण सेकंदाचा हजारावा भाग. गती कायम राहावी म्हणून आत पोलादाची एक पट्टी सेकंदाला हजार वेळा कंप पावत असे, तिचा सूर ऐकू येई. घड्याळ आधीच चालू असे, काटे मात्र थांबलेले. उद्दीपक दाखवताच विजेच्या चुंबकामुळे काटे चाकांना जोडले जात आणि प्रयुक्ताने कळ सोडताच सुटत. यंत्रावर डोळे झाकून विश्वास कुणी ठेवत नसे. ज्याच्या पडण्याचा वेळ माहीत आहे असा हातोडा पाडून त्याच्याशी यंत्राचा आकडा ताडून बघत. आमच्या विषयाचा पाया कुठे आहे असं मला कुणी विचारलं, तर मी या ताडून बघण्याकडे बोट दाखवते.

तिथली दुसरी रीत आजच्या विद्यार्थ्यांना चमत्कारिक वाटते. प्रयोगकर्ता आणि प्रयुक्त आळीपाळीने जागा बदलत. आज मी यंत्राशी, तू कळीपाशी, उद्या उलट. कॅटेल आणि बर्गर या दोन विद्यार्थ्यांनी अशीच एकमेकांवर मापनं केली. वुंट स्वतःही प्रयुक्त म्हणून बसे. प्रयुक्त हा बाहेरून पकडून आणलेला, काही न सांगितलेला माणूस नसे. तो सरावलेला निरीक्षक असे आणि त्याचं काम जास्त अवघड मानलं जाई.

आता अंतर्निरीक्षणाकडे येते. वुंट म्हणजे अंतर्निरीक्षण, म्हणजे माणसाला बसवून ‘मनात काय चाललंय सांग’ असं विचारणं, अशी समजूत सर्रास आढळते. ही वुंटवर अन्यायकारक आहे. स्वतःच्या मनात डोकावून लांबलचक वर्णन करणं त्याला अजिबात मान्य नव्हतं. कांटचा तिसरा आक्षेप त्याला पुरता ठाऊक होता. त्याच्या प्रयोगात प्रयुक्ताने सांगायचं ते इतकंच: दिसलं की नाही, दोन्ही सारखे की वेगळे, कोणतं जास्त. उद्दीपक कधी येणार हे प्रयुक्ताला ठाऊक हवं, लक्ष एकाग्र हवं, प्रयोग पुन्हापुन्हा करता यायला हवा आणि परिस्थितीत पद्धतशीर बदल करून परिणाम बघता यायला हवा, अशा त्याच्या अटी होत्या. ओस्वाल्ड क्युल्पेच्या व्युर्त्सबुर्गच्या गटाने विचारप्रक्रियेवर लांब वृत्तांत घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ‘हे प्रयोगच नव्हेत’ म्हणून वुंटने १९०७ मध्ये त्यांच्यावर कडक टीका केली.

मग हा गैरसमज कुठून आला? बऱ्याच अंशी टिचनरमुळे. तो वुंटचा विद्यार्थी, १८९२ मध्ये अमेरिकेत कॉर्नेलला गेला आणि तिथे त्याने स्वतःचा संरचनावाद, म्हणजे जाणिवेचे मूळ घटक शोधणारा पंथ, उभा केला. सविस्तर अंतर्निरीक्षण हे त्याचं वैशिष्ट्य. इंग्रजी वाचणाऱ्या जगाला वुंट दिसला तो टिचनरच्या चष्म्यातून. त्यात एडविन बोरिंग या टिचनरच्याच विद्यार्थ्याने १९२९ मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचा इतिहास लिहिला आणि पिढ्यान्पिढ्या पाठ्यपुस्तकं त्यावरून बेतली गेली. वुंटने आयुष्याची शेवटची वीस वर्षं, १९०० ते १९२०, भाषा, पुराणकथा, रूढी यांच्या मानसशास्त्रावर दहा खंड लिहिण्यात घालवली. उच्च मानसिक प्रक्रिया समाजात घडतात, त्या प्रयोगशाळेत कळीवर बोट ठेवून सापडणार नाहीत, असं त्याचं ठाम मत होतं. ज्याला प्रयोगाचा जनक म्हणतात त्यानेच प्रयोगाची हद्द आखून दिली होती, आणि हा अर्धा वुंट आपल्याकडे शिकवलाच जात नाही. याची मला मनापासून खंत वाटते.

जर्नलमधल्या अंतर्निरीक्षणाचं उत्तर यातच आहे. १८८८ मध्ये लाइपझिगच्या लुडविग लांगेला आढळलं की प्रयुक्ताने येणाऱ्या उद्दीपकाकडे लक्ष दिलं तर प्रतिक्रियेला जो वेळ लागतो, तो स्वतःच्या हाताच्या हालचालीकडे लक्ष दिल्यावर सुमारे एक दशांश सेकंदाने कमी होतो. यंत्र तेच, दिवा तोच, माणूस तोच. फरक कशामुळे पडला हे यंत्र सांगू शकत नाही, प्रयुक्त सांगू शकतो. म्हणून विचारायचं. ‘प्रयोग करताना मजा आली, प्रयोगकर्त्याने चांगलं सहकार्य केलं’ हे जर्नलमध्ये लिहून उपयोग नाही. लक्ष कुठे होतं, दहाव्या प्रयत्नानंतर कंटाळा आला का, उत्तर देण्याची काही युक्ती सापडली का, हे विचारा आणि मग आकड्यांत त्याचा माग लागतो का ते बघा.

वुंटने घातलेली हद्द लगेचच ओलांडणारा माणूस म्हणजे हर्मान एबिंगहाउस. त्याच्याकडे ना प्रयोगशाळा, ना विद्यार्थी. फेक्नरचा ग्रंथ त्याला पॅरिसमध्ये जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाला आणि वेदन मोजता येतं तर स्मृती का नाही, असं त्याला वाटलं. त्याने सुमारे २,३०० निरर्थक शब्दावयव (व्यंजन-स्वर-व्यंजन असे अर्थ नसलेले तुकडे) तयार केले. मिनिटाला १५० ठोक्यांच्या लयीत तो ते एकामागून एक वाचे आणि न चुकता म्हणता येईपर्यंत पाठ करी. नंतर ठरावीक काळाने तीच यादी पुन्हा पाठ करायची आणि पहिल्यापेक्षा किती वेळ वाचला ते बघायचं. आठवत नाही असं वाटत असलं तरी दुसऱ्या खेपेला वेळ वाचतो, म्हणजे काहीतरी शिल्लक आहे. ही कल्पना फार सुंदर आहे, कारण ती ‘आठवतंय का?’ असं विचारतच नाही. वीस मिनिटांनी ५८ टक्के बचत, तासाने ४४, एका दिवसाने ३४, महिन्याने २१. विसरणं आधी झपाट्याने आणि मग संथपणे होतं, हा वक्र १८८५ च्या पुस्तकातला. प्रयुक्त एकच, तो स्वतः. तरीही पुढे अनेकांनी पुन्हा करून बघितलं आणि वक्राचा आकार तोच निघाला.

अमेरिकेत हे शास्त्र वेगाने रुजलं. स्टॅन्ले हॉलने १८८३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सला प्रयोगशाळा काढली, १८८७ मध्ये नियतकालिक आणि १८९२ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन. वुंटकडे डॉक्टरेट केलेल्या लाइटनर विटमरने १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक उघडलं आणि तिथे आलेलं सुरुवातीचं मूल स्पेलिंग न जमणारं होतं. या वाढीत एक गोष्ट झाकून चालणार नाही. मेरी कॉल्किन्सने १८९१ मध्ये वेल्स्लीला प्रयोगशाळा उभी केली, जोडशब्दांची (जोडीतलं एक दिलं की दुसरं आठवायचं) स्मृतिपद्धत तयार केली, हार्वर्डला डॉक्टरेटच्या सगळ्या अटी पूर्ण केल्या, परीक्षकांनी शिफारसही केली, आणि बाई म्हणून हार्वर्डने पदवी दिली नाही. १९०५ मध्ये ती त्याच असोसिएशनची अध्यक्ष झाली. पदवी तिला अखेरपर्यंत मिळाली नाही. जोडशब्द पद्धतीचं प्रॅक्टिकल लिहिताना तिचं नाव लिहा, एवढी माझी विनंती आहे.

आता पहिला प्रश्न, त्याआधी विचार होत नव्हता का? अर्थातच होत होता, आणि खोल होत होता. पतंजलीने चित्तवृत्तींचं केलेलं वर्गीकरण असो की बौद्ध परंपरेतलं चित्ताच्या क्षणांचं विश्लेषण असो, त्यातली सूक्ष्मता वुंटच्या प्रयोगशाळेत सापडणार नाही. पण तिथे खरेपणाची कसोटी साधकाचा अनुभव आणि परंपरेचा आधार ही होती. ज्याचा त्यावर विश्वास नाही अशा तिऱ्हाइताने दुसऱ्या गावात तेच करून तोच आकडा येतो का हे बघणं, ही कसोटी १९ व्या शतकात आली. ‘आपल्याकडे हे आधीच होतं’ आणि ‘आपल्याकडे काहीच नव्हतं’ ही दोन्ही विधानं मला चुकीची वाटतात.

प्रयोगाची ही परंपरा भारतात कशी आली याची वंशावळ सरळ लागते. वुंटचा विद्यार्थी ह्यूगो म्युन्स्टरबर्ग हार्वर्डला गेला, त्याच्याकडे नरेंद्रनाथ सेनगुप्ता शिकले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू केला. १९२४ मध्ये भारतीय मानसशास्त्र संघटना स्थापन झाली.

मराठी घरांपर्यंत मात्र या शास्त्राची जी शाखा प्रत्यक्ष पोचली, ती लाइपझिगची नव्हे, पॅरिसची. कॅटेलने १८९० मध्ये प्रतिक्रियाकाल, पकडीचा जोर, स्पर्शाची सूक्ष्मता अशा मोजमापांची ‘मानसिक चाचणी’ बनवली. लाइपझिगची हत्यारं घेऊन बुद्धी मोजायचा तो प्रयत्न होता. १९०१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात क्लार्क विसलरने ते आकडे विद्यार्थ्यांच्या गुणांशी ताडून पाहिले, तर संबंध जवळपास नव्हताच. पॅरिसमधला मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने याने हा नाद सोडला. शाळेत मागे पडणारी मुलं ओळखायची होती, तर त्याने मुलांना समजून घेण्याची, तर्काची, रोजच्या व्यवहारातलीच कामं दिली. १९०५ मध्ये सिमॉनच्या साथीने ३० कृतींची पहिली मापनश्रेणी आली. तिच्या स्टॅनफर्डमधल्या सुधारित आवृत्तीवरून धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात इथल्या मुलांसाठी मराठी आणि कन्नडमध्ये चाचणी तयार केली. नुसतं भाषांतर करून भागणारं नव्हतं, इथल्या मुलांना ओळखीच्या नसलेल्या वस्तू आणि प्रसंग बदलावे लागले, कोणत्या वयाच्या मुलाला काय जमतं हे इथल्या मुलांवर पुन्हा तपासावं लागलं. मुलाला घेऊन एखाद्या बालमार्गदर्शन केंद्रात गेलेल्या पालकांनी ‘बिने-कामत’ हे नाव अहवालावर वाचलं असेल, ती हीच चाचणी.